अडेनियमचा बुंधा मऊ लागतोय, झाड वाचेल का?

कोल्हापूरच्या फुलेवाडीहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात: ‘दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून अडेनियमची तीन झाडं आणली. दोन कलमी, गुलाबी दुहेरी फुलांची, आणि एक बियांपासून केलेलं. तांबडी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घालून दहा इंची कुंड्यांत लावली. पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली आहेत. गेल्या पावसाळ्यात एक कलम सडून गेलं. दुसऱ्याला यंदा दुहेरीऐवजी साधी एकेरी फुलं आली, आणि आता आर्द्रा लागल्यापासून त्याचा बुंधा एका बाजूनं मऊ लागतोय. बियांचं झाड नुसतंच उंच वाढतंय, दोन वर्षांत फूल नाही. घेताना सांगितलं होतं की वाळवंटातलं झाड आहे, कसंही जगतं. आमचं काय चुकतंय? शिवाय सासूबाई म्हणतात, याचा चीक विषारी असतो. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. झाडं ठेवावीत की देऊन टाकावीत?’

ताई, आधी मऊ पडलेलं झाड बघू. बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, त्याला नाही.

पाणी आजपासून बंद, आणि कुंडी गॅलरीतून आत, पावसाचा थेंब लागणार नाही अशा ठिकाणी. आता बुंधा अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून बघा. अडेनियमचा बुंधा दोन कारणांनी मऊ पडतो आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून ही तपासणी नीट करा. झाड तहानलेलं असेल तर बुंधा सगळीकडून सारखाच मऊ लागतो, हवा थोडी गेलेल्या फुग्यासारखा. सालीवर बारीक सुरकुत्या असतात, माती कोरडी ठणठणीत असते, रंग आणि वास जागच्या जागी असतात. अशा झाडाला भरपूर पाणी द्या, दोन-तीन दिवसांत ते पुन्हा टणक होतं. कुजायला लागलेलं झाड मात्र एकाच बाजूनं मऊ लागतं, बहुधा मातीला लागून. दाबलं की बोट आत रुतल्यासारखं वाटतं, साल खालच्या गरावरून सरकते, कधी तपकिरी पाणी पाझरतं, आंबूस वास येतो. माती ओली असूनही खालची पानं पिवळी पडून गळत असतात. तुमच्या पत्रातलं ‘एका बाजूनं’ आणि ‘आर्द्रा लागल्यापासून’ हे वाचून ही कूजच दिसते.

कूज असेल तर वाट बघू नका. पावसाळी हवेत ती बुंध्यात फार झपाट्यानं चढते. हातात रबरी मोजे घाला (का, ते पुढे येतंच आहे) आणि झाड कुंडीतून उपटून काढा. मुळांवरची सगळी माती नळाखाली धुऊन टाका. चांगलं मूळ पांढरट-पिवळसर आणि कडक असतं. सडलेलं मूळ तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. अशी मुळं सगळी कापा. मग धारदार सुरी किंवा कटरचं नवं पातं स्पिरिटनं पुसून बुंध्याचा मऊ भाग कापायला लागा. थोडंथोडं कापत जा आणि प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा स्पिरिटनं पुसा, नाहीतर सड पात्यावरून चांगल्या गरात जाते. कापलेला गर मुळ्यासारखा पांढरा, टणक आणि ओलसर दिसला पाहिजे. त्यात तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसते तोवर थांबायचं नाही. झाड फार लहान राहील म्हणून हात आखडता घेतला तर राहिलेला तेवढासा डागच पुढच्या आठवड्यात उरलेलं झाड खातो. निम्मा बुंधा गेला तरी चालतो. अडेनियम त्यातूनही उठतं, फक्त बुंध्याला एका बाजूनं खड्डा राहतो आणि काही वर्षांत तो भरत येतो.

कापलेल्या जागेला कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के असं मिश्र बुरशीनाशक चमचाभर घेऊन थोड्या पाण्यात दाटसर कालवून लावा. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ते मिळतं. तेवढ्यावर थांबू नका. ओल्या मातीतून मुळं कुजवणाऱ्या बुरशींत पिथियम आणि फायटोफ्थोरा या दोन मोठ्या गुन्हेगार आहेत, आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे दुसरं मिश्रण लागतं, लिटरला २ ग्रॅम. त्या पाण्यात उरलेली मुळं दहा मिनिटं बुडवून काढा. ‘औषध घातलं तरी झाड गेलं’ अशी जी तक्रार असते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं: औषध चुकीचं नव्हतं, पण ते दुसऱ्या बुरशीचं होतं.

यानंतर झाड सुतळीनं उलटं टांगा, सावलीत, पंख्याखाली. एरवी जखम आठवड्यात वाळते. पण आपल्याकडे जुलैत वाळत घातलेले कपडे तीन दिवस दमट राहतात, तिथं झाडाची जखम कशी वाळेल? म्हणून पंखा लागतो आणि १० ते १२ दिवस धरून चालायचं. जखमेवर कोरडी, कडक खपली आली की झालं. पानं असतील तर सगळी काढून टाका, ती उगाच बुंध्यातलं पाणी ओढत राहतात. झाड मातीबाहेर आहे याची काळजी करू नका. अडेनियमची मोठमोठी झाडं मुळं उघडी ठेवून, कागदात गुंडाळून लांबलांबच्या गावी पाठवतात आणि ती दोन-तीन आठवड्यांनी लावली तरी फुटतात. पाणी त्याच्या बुंध्यात असतं, तो बुंधा त्यासाठीच आहे.

वाळल्यावर नव्या, कोरड्या मिश्रणात (ते कसं करायचं ते पुढे आहे) लावा आणि पुढचे ७ दिवस पाणी देऊ नका. मग थोडं द्या. नवी कोंबं दिसेपर्यंत खत नाही, ऊन थेट नाही.

सड बुंधा ओलांडून कलमाच्या जोडापर्यंत गेली असेल तर बुंध्याचा मोह सोडा. जोडाच्या वरच्या फांदीचा सहा-आठ इंचांचा निरोगी तुकडा कापा, आठवडाभर वाळवा आणि जाड वाळूत लावा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतो. या फांदीला तुमचं दुहेरी गुलाबी फूल येईल. पण फांदीपासून केलेल्या झाडाला बियांच्या झाडासारखा गलेलठ्ठ बुंधा सहसा येत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

आता सड का लागली ते. ‘वाळवंटातलं झाड आहे’ हे रोपवाटिकेत सांगितलेलं खरं आहे, ‘कसंही जगतं’ हे नाही. अडेनियम येतं अरबस्तानच्या दक्षिण भागातून आणि आफ्रिकेतल्या साहेलपासून (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा भाग) पूर्व आफ्रिकेपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातून. येमेन, ओमान, सोमालिया, केनिया हे त्याचे मुलूख. गुलाबाशी त्याचं नातं काहीच नाही, ‘वाळवंटी गुलाब’ हे नुसतं बाजारातलं नाव. ते आपल्या कण्हेरीच्या, चाफ्याच्या, सदाफुलीच्या कुळातलं. येमेनमध्ये १७६३ साली वारलेल्या फोर्स्कोल या वनस्पतिशास्त्रज्ञाचं टिपण १७७५ मध्ये छापलं गेलं तेव्हा त्यात या झाडाची नोंद कण्हेरीच्याच नावाखाली, ‘लठ्ठ कण्हेर’ अशा अर्थाच्या लॅटिन नावानं झाली होती. फूल, पान, चीक सगळं कण्हेरीचं, बुंधा तेवढा स्वतःचा.

तिकडं ही झाडं खडकाच्या भेगांत आणि मुरमाड उतारांवर वाढतात. गंमत अशी की ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या हंगामात आपल्याकडे पाऊस पडतो, त्याच हंगामात ओमानच्या ढोफार डोंगरांवर जून ते सप्टेंबर धुकं आणि झिमझिम असते, आणि तिथं अडेनियम आहे. म्हणजे पावसाळी हवेचं त्याला वावडं नाही. पण तिथं पडलेलं पाणी खडकावरून निघून जातं. मुळांपाशी हवा राहते. तुमच्या कुंडीत तांबडी माती आणि शेणखत आहे, दोन्ही बारीक, दोन्ही ओल धरणारी. कोल्हापुरात वर्षाला हजारएक मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बराच जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत अशा मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही, मुळं गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांतून बुरशी बुंध्यात शिरते. त्या मऊ बुंध्याला लोक आणखी जपतात, म्हणजे आणखी पाणी घालतात. अडेनियम उन्हाळ्यात तहानेनं जाताना फार क्वचित दिसतं, पुष्य-आश्लेषात मुळं गुदमरून जाणारी झाडं मात्र दरवर्षी असतात. आपल्या गावात हे झाड सांभाळायचं म्हणजे मृगापासून हस्तापर्यंतचे दिवस सांभाळायचे. उरलेलं वर्ष ते स्वतःचं स्वतः बघतं.

म्हणून माती बदलायला हवी, आणि ‘माती’ हा शब्दच डोक्यातून काढायला हवा. दहा भाग मिश्रण असं करा: ४ भाग विटांचे किंवा जांभ्याचे तुकडे, २ भाग जाड वाळू, २ भाग पूर्ण कुजलेलं चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १ भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग भाताच्या तुसाचा काळा कोळसा. विटांचे तुकडे जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा लहान नकोत आणि हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा फार मोठे नकोत. फुटक्या, नीट भाजलेल्या विटा घ्या, कच्ची वीट दोन पावसाळ्यांत पुन्हा चिखल होते. तुकडे करून झाले की चाळा आणि खालची भुकटी फेकून द्या. या एका कामाचा कंटाळा केला की बाकीची मेहनत वाया, कारण तीच भुकटी पाण्याबरोबर खाली जाऊन कुंडीचं बूड लिंपून टाकते. जांभा पन्हाळा, राधानगरीच्या बाजूला भरपूर. त्याचे तुकडे अंगात थोडं पाणी धरतात आणि अवतीभोवती हवा ठेवतात, विटेपेक्षाही बरे. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातला खार निघून जातो.

आपल्या भागात सहज मिळणाऱ्या दोन गोष्टी मात्र यात घालू नका. एक, साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ. उसाच्या रानाला ते उत्तम, पण कुंडीत ते गच्च बसतं आणि पाणी धरून ठेवतं. दुसरी, गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख. ती पिठासारखी बारीक आणि क्षारयुक्त असते. तुसाचा कोळसा वेगळा, तो काळा आणि खुसखुशीत असतो, तूस अर्धवट जाळून पाण्यानं विझवलं की मिळतो. जळून पांढरी झालेली राख म्हणजे कोळसा नव्हे.

दहा इंची कुंडीला वर मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा, बस्स. भरल्यावर परीक्षा घ्या: तांब्याभर पाणी एकदम ओता. वर तळं न साचता ते ओतल्याबरोबर खालून निघायला लागलं पाहिजे. साचलं तर मिश्रण पुन्हा बाहेर काढा आणि तुकडे वाढवा.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर घालायची पद्धत आहे, ती सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते थराच्या वरच अडतं. म्हणजे ओला पट्टा तळाशी राहण्याऐवजी उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर मच्छरजाळीचा तुकडा ठेवा, पुरे. भोकं मात्र अर्ध्या इंचाची चार-पाच हवीत. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला जास्त असावी आणि बुंध्यापेक्षा सगळीकडून दीड-दोन इंच मोठी, त्याहून मोठी नको. लहान झाड मोठ्या कुंडीत लावलं की मुळं पोचत नाहीत तिथली ओल कोणी ओढत नाही आणि तीच आंबते. कुंड्या दोन विटांवर ठेवा म्हणजे भोकं फरशीला चिकटत नाहीत. खालच्या बशा काढून टाका.

जागा. तुमची गॅलरी पश्चिमेची आहे. आपल्याकडचा पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, म्हणजे वर छत असूनही झाडं रोज भिजणार. जूनच्या पहिल्या आठवड्यातच, मृगाआधी, कुंड्या पूर्वेच्या बाजूला हलवा. तिथं सकाळचं जे काय ऊन पडेल ते मिळतं आणि झड लागत नाही. पूर्वेला जागा नसेल तर गच्चीवर पारदर्शक पत्रा किंवा २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उतार देऊन बांधा, कुंड्यांच्या वर किमान दोन फूट, आणि बाजू उघड्या ठेवा. कागदानं चारी बाजूंनी झाकलेलं झाड पावसापासून वाचतं आणि कोंडलेल्या दमटपणानं सडतं. पागोळीखाली एकही कुंडी नको. छपराचं सगळं पाणी त्या एका कुंडीत पडतं.

आडोशाला आणल्यावर पाणी किती? वार ठरवून देऊ नका. अगरबत्ती जळून उरलेली काडी कुंडीच्या कडेजवळ तीन-चार इंच खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी गालाला लावून बघा, गार लागली किंवा कण चिकटले तर पाणी नको. पावसाळ्यात वर सांगितलेल्या मिश्रणात ८ ते १२ दिवसांनी पाणी लागतं, सततची झड असेल तर त्याहूनही उशिरा. याउलट मार्च ते मे. तेव्हा झाड भरात असतं, पानं मोठी होतात, आणि याच मिश्रणात त्याला एक दिवसाआड, एप्रिल-मेच्या कडक दिवसांत रोजसुद्धा, खालून निघेपर्यंत पाणी द्यावं लागतं. दुष्काळ सोसणारं झाड म्हणून कित्येक घरी त्याला उन्हाळ्यातही निवडुंगासारखं कोरडं ठेवतात. ते मरत नाही खरं, पण फुलत आणि फुगतही नाही. वाढीच्या दिवसांत ते चांगलं पाणी पितं. वळिवाच्या एखाद्या सरीचीही भीती नको. त्यानंतर दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, माती तापते, मुळं खूश असतात.

एकेरी फुलांचं कोडं सोपं आहे. दुहेरी फुलाची फांदी बियांपासून वाढवलेल्या साध्या झाडाच्या बुंध्यावर कलम केलेली असते. बुंध्यापासून दोन-चार इंच वर जिथं जाडी किंवा रंग एकदम बदलतो, एखादा तिरपा व्रण किंवा व्ही आकाराची रेघ दिसते, तो जोड. जोडाच्या खालून फुटलेली फांदी खुंटाची, म्हणजे खालच्या साध्या झाडाची, तिला खुंटाचीच फुलं येणार. ती जोमदार असते, कलमाच्या वाट्याचं सगळं ओढते आणि वर्ष-दोन वर्षांत कलमाची फांदी वाळून जाते. झाड वाचलं तर जोडाच्या खालची प्रत्येक फूट दिसेल तशी बोटानं मोडून टाका. कोवळी असताना मोडली तर जखमही राहत नाही.

तिसरं, उंच वाढणारं झाड. त्याला ऊन कमी पडतंय आणि शेणखत जास्त झालंय. अडेनियमला फुलायला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतरच ऊन येतं आणि वर स्लॅब असेल तर तेही तिरपंच. नत्र भरपूर, ऊन कमी, मग ते उजेडाकडे पळत सुटतं आणि कळी धरत नाही. छाटायला लागेल, पण आत्ता नाही. पावसात केलेला काप वाळत नाही आणि फांदी वरून काळी पडत खाली येते. छाटणीची वेळ म्हणजे थंडी सरताना, जानेवारीअखेरपासून महाशिवरात्रीपर्यंत. प्रत्येक फांदी बुंध्यापासून तीन-चार इंच ठेवून कापा, डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर, तिरपी. कापावर बुरशीनाशकाची पेस्ट लावा आणि आठवडाभर वरून पाणी पडू देऊ नका. एका कापाखाली दोन-तीन फुटी येतात आणि फुलं या नव्या फुटीच्या टोकालाच येतात. सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे पाडव्याच्या सुमारास, कळ्या दिसायला हव्यात. छाटल्यावर झाड गच्चीवर पूर्ण उन्हात न्या, पण एकदम नको. आठ-दहा दिवस रोज तास-दीड तास ऊन वाढवत न्या. सावलीत वाढलेल्या बुंध्याची साल एकाएकी उन्हात भाजते, पांढरट डाग पडतो आणि तिथून सड शिरायला वाट होते.

त्याच वेळी कुंडी बदला. बुंधा दरवर्षी इंचभर वर उचलून लावला की जाड मुळं उघडी पडतात आणि झाडाला तो जुन्या वडासारखा आकार येतो. मुळं छाटली तर आठवडाभर वाळवूनच लावायचं.

खत नवी पानं आल्यावर. १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. कळ्या दिसल्या की त्याऐवजी ०:५२:३४, तेवढंच. आधी साधं पाणी, मग खताचं, कोरड्या मुळांवर कधी नाही. जून ते सप्टेंबर काहीच नको.

किडींत दोन नीट बघायच्या. एप्रिल-मेमध्ये पानं फिकट, धुरकट दिसायला लागली तर पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका. मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान तांबूस ठिपके कागदावर चालायला लागले तर ती लाल कोळी. तीन दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा, बराचसा बंदोबस्त तेवढ्यावर होतो. दुसरी, कण्हेरीवर येणारी बोटाएवढी हिरवी अळी. डोक्यामागे दोन निळसर-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके असतात, त्यामुळे ती भीतिदायक वाटते, पण चावत नाही. ती पानांच्याच रंगाची, म्हणून दिसत नाही, खाली पडलेल्या काळ्या लेंड्या आधी दिसतात. एक अळी दोन-तीन दिवसांत झाड बोडकं करते. चिमट्यानं उचलून काढा. पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांवर आला तर निंबोळी तेल ५ मिली आणि भांडी घासायचा द्रव साबण १ मिली, लिटरभर पाण्यात, सूर्य मावळल्यावर फवारा. उन्हात तेल फवारलं की पानं भाजून गळतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते बरोबर आहे. अडेनियमच्या चिकात कण्हेरीसारखीच हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आफ्रिकेत शिकारी लोक त्यापासून बाणांचं विष करत. नुसतं पानाला हात लावून काही होत नाही. चीक पोटात गेला, डोळ्यात गेला किंवा जखमेला लागला तर धोका. मोजे सांगितले ते यासाठीच. छाटणी, सफाई करताना मुलगी जवळ नको, स्वयंपाकघरातली सुरी वापरू नका, तुकडे गोळा करून कागदात बांधून टाका, शेळ्या-गाई तोंड घालतील अशा उकिरड्यावर टाकू नका. झाड देऊन टाकायची गरज नाही. कण्हेर आपल्या दारांत पिढ्यानपिढ्या आहे. मुलीच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर, कठड्याच्या आतल्या बाजूला भक्कम स्टँडवर ठेवा, आणि खाली पडलेली फुलं-पानं रोज उचला, लहान मुलं ती आधी तोंडात घालतात. कुणी चुकून चावलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, पानाचा तुकडा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

बियांच्या झाडाला पुढेमागे शेंगा धरल्या तर त्या बैलाच्या शिंगांसारख्या जोडीनं येतात. पिकून तडकल्या की दोन्ही टोकांना रेशमी झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर उडून जातात, म्हणून शेंग पिवळसर पडायला लागली की तिला दोऱ्याचे सैल वेढे घालून ठेवा. ताजी बी फेब्रुवारी-मार्चमध्ये आडवी, अर्धा सेंटिमीटर खोल लावा, आठवड्याभरात उगवते. पुढच्या कलमांना खुंट घरचेच होतील.

आणि डिसेंबरात रात्री गार व्हायला लागल्या की पानं पिवळी पडून गळतील, कधीकधी झाड पार निष्पर्ण होईल. तेव्हा अंगठ्यानं बुंधा दाबून बघा. टणक असेल तर झाड झोपलंय. पंधरा दिवसांतून एकदा कपभर पाणी द्या, ते सकाळी, आणि खत नको.